डबल बेल झाल्याशिवाय

साहेबराव एसटीतून रिटायर झाले आणि लीलाबाईंनी त्यांच्या खाकी शर्टाला शेवटची इस्त्री करून तो ट्रंकेत ठेवला, ते साल दोन हजार तेवीस. श्रावण दोन आले होते त्या वर्षी. त्यातल्या दुसऱ्या श्रावणात त्यांच्या लेकीची, सुलेखाची, एका पोराशी गाठ पडली. गाठ पडली ती चालत्या गाडीत, आणि पहिलं बोलणं झालं ते भांडणाचं.

सुलेखा एसटीत कंडक्टर होती. बापाची उभी हयात स्टिअरिंगमागं गेली, लेकीनं तिकिटाचं मशीन गळ्यात घातलं. संभाजीनगर ते वैजापूर ही गाडी तिच्याकडं होती. डायवर सखाराममामा. ते साहेबरावांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळं सुलेखाला घरच्यासारखेच.

त्या दिवशी भुरभुर पाऊस लागला होता. खिडक्यांच्या काचा खाली ओढलेल्या, गाडीत ओल्या कपड्यांचा वास. पडेगावला एक पोरगा चढला आणि खिडकीशी बसला. मांडीवर दप्तर, दोन्ही हातांत आडवा धरलेला मोबाईल. बसल्या जागी तो कधी डावीकडं कलायचा, कधी उजवीकडं. शेजारची बाई वैतागून म्हणाली, "दादा, सरळ बसा की. गाडी चालली सरळ अन् तुम्हीच वळू राहिले."

"तिकीट," सुलेखा म्हणाली.

पोराला ऐकूच गेलं नाही. तिनं वाकून पाहिलं. मोबाईलमध्ये एक लाल बस उभी होती. कपाळावर पाटी – वैजापूर. तिथंही पाऊस पडत होता, काचेवरचा वायपर इकडून तिकडं फिरत होता. सुलेखाला क्षणभर काही उमजेना. आपण पावसात लाल गाडीत उभ्या आहोत आणि त्या एवढ्याशा काचेत तीच गाडी, तोच पाऊस... आणि तेवढ्यात ती गाडी स्टँडवरून थेट निघालीच.

"ओ! डबल बेल कुणी दिली?"

तिच्या तोंडून आपोआप गेलं. पोरगा दचकला. मोबाईलमधली बस जाऊन लिंबाच्या झाडावर आदळली.

"आँ?"

"गाडी हलवली तुम्ही. बेल कुणी दिली?"

"मॅडम... गेम आहे हा. यात बेल नाय."

"बेल नाय अन् गाडी सोडली? कंडक्टर कुठंय मग?"

पोरानं मोबाईलमध्ये पाहिलं, जणू कंडक्टर खरंच कुठं तरी बसलेला सापडेल. "कंडक्टर... टाकलाच नाय."

"म्हणजे सगळे फुकट!"

अख्खी गाडी हसली. पुढून सखाराममामांनी आरशात पाहिलं. "काय झालं हो मॅडम?"

"काय नाय मामा. एक गाडी बिनकंडक्टरची पळू राहिली."

पोराचे कान लाल झाले, पण तोही हसला. समोरचा एक दात जरा वाकडा होता त्याचा, आणि भुवईवर पावसाचा एक थेंब अजून पडायचा राहिला होता. सुलेखाला तो थेंब पुसावासा वाटला. असं का वाटलं, हे काही तिला कळलं नाही. तिनं घाईनं मशीनचं बटण दाबलं.

"वैजापूर. एक," तो म्हणाला.

"एकच? तुमच्या गाडीतले पॅसेंजर नाय घ्यायचे का?"

वैजापूरला सगळी गाडी रिकामी झाली, तरी तो उतरेना.

"मॅडम, एक सांगू? तो गेम मीच बनवू राहिलोय. पडेगावला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी इथं माझ्या मामाच्या दुकानात बसतो. ऋतुराज नाव माझं."

"बरं."

"सगळ्या दोस्तांना दाखवला गेम. सगळे म्हणाले, लई भारी. बेलचं कुणीच नाय बोललं. तुम्ही खेळता का गेम?"

"मला कुठला वेळ."

"हौ ना! तेच पाहिजे." तो इतक्या आनंदानं म्हणाला, की सुलेखा एक पाऊल मागं सरली. "कधी न खेळलेलं माणूस पाहिजे मला. मी दुसऱ्यांनी बनवलेला एकेक गेम देतो. तुम्ही खेळायचा, अन् पुढच्या बाजाराला सांगायचं काय वाटलं ते. म्हणजे माझ्यात... माझ्या गेममध्ये काय कमी आहे ते कळंल."

गाडीत पोरं कंडक्टरला काय काय विचारतात ते सुलेखाला ठाऊक होतं. नाव विचारतात, नंबर मागतात, घरी कधी जाता म्हणतात. पण आजवर कुणी तिला अभ्यास दिला नव्हता.

"अन् नाय सांगितलं तर?"

"तर माझी गाडी बिनबेलचीच पळंल. तुमच्या डोळ्यांदेखत."

एवढं बोलून तो उतरला. सुलेखा हातातल्या मशीनकडं बघत राहिली. हा पोरगा लबाड आहे, की खुळा?

तरी दुसऱ्या खेपेला त्यानं मोबाईलवर टाकून दिलेला पहिला गेम तिनं घेतला; तो पळण्याचा होता. पुढच्या बाजाराला ऋतुराज तिच्या सीटमागं येऊन बसला आणि दांडीवर हनुवटी टेकून म्हणाला, "मग? काय वाटलं?"

"तो पोरगा पळतो का एवढा? काय चोरलं त्यानं?"

"काय नाय. पळायचंच असतं."

"कुठवर?"

"आदळेपर्यंत."

"हा काय गेम झाला? आमच्या स्टँडवर रोज बघते मी. गाडी सुटली की लोकं असंच पळतात. पण त्यांना निदान गाडी तरी धरायची असते."

दुसरा गेम रंगीत गोळ्यांचा. तो मात्र तिला लागला. इतका, की एका संध्याकाळी वरण करपलं आणि लीलाबाईंनी मोबाईल पिठाच्या डब्यात कोंबला. "बरं वाटतं हो खेळताना," ती म्हणाली. "एका रंगाच्या गोळ्या जवळ आल्या की फट्‌दिशी फुटतात. पण का बरं वाटतं, ते नाय कळत. फुटून मिळतं काय? नव्या गोळ्याच ना."

"म्हणजे चांगला का वाईट?"

"मी काय सांगू? बंद केला की रिकामं वाटतं, अन् चालू केला की वेळ जाऊ राहिला म्हणून मन खातं. तुम्हीच ठरवा."

शेतीच्या गेमवर तिची तक्रार मोठी होती. कांदा लावला, चहा प्याला, तोवर कांदा तयार. "वैजापूरच्या मार्केटात हे कुणाला सांगू नका, लोकं मारतील तुम्हाला." शिवाय त्या शेतात कुणी शेजारी नाही, बांधावरून कुणी हाका मारत नाही. "अशा शेतात मन कसं रमावं?"

मग बंदुकीचा गेम आला. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

"छत्रीला लटकून खाली उतरले. समोर घर होतं, म्हणून आत गेले. चूल नाय, भांडं नाय, भिंतीवर फोटो नाय. मी म्हटलं, ह्या घरातली माणसं गेली कुठं? शोधू राहिले, तर मागून कुणी गोळी घातली. संपलं. कोण होता ते पण नाय कळलं. त्याचं माझं वाकडं तरी काय?"

ऋतुराजनं दांडीवरची हनुवटी उचलली. मग हळूच म्हणाला, "लई वर्षं खेळलो मी तो. त्या घरातली माणसं कुठं गेली, हे माझ्या मनात पण आलं नाय कधी."

आणि त्यानं तिच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. सुलेखानं उगाच रुमाल काढून खिडकीची काच पुसली, बाहेर पाऊस नव्हता तरी.

आता तिची पंचाईत सुरू झाली. बाजाराच्या दिवशी ती वेणी दोनदा घालू लागली. पडेगाव आलं की मान आपोआप दाराकडं वळायची. तो चढायचा, हसायचा, मागं येऊन बसायचा, आणि विचारायचा ते एकच – "मग? काय वाटलं?" जेवलात का नाही, घरी कोण कोण असतं, काही म्हणजे काही नाही. तिला वाटायचं ते भलतंच, आणि ती सांगायची ते गेमचं.

एकदा वैजापूरच्या स्टँडवर, गाडी रिकामी झाल्यावर, तो दारातून परत आला. म्हणाला, "मला तुमचा आवाज पाहिजे."

सुलेखानं विचारलं, "कशाला?"

"गाडीत. गेमच्या."

"...हां. गेमच्या."

रिकाम्या गाडीत त्यानं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. टपावर पावसाचा ताशा वाजत होता. "म्हणा."

"काय म्हणू?"

"नेहमीचं."

दिवसातून शंभर वेळा म्हणायचं ते, पण घशातून निघेना. शेवटी निघालं ते असं – "चला... पुढं सरका..."

"एवढ्या गोड आवाजात म्हटलं तर कुणी सरकणार नाय, मॅडम. उलटे मागं येतील."

"मॅडम काय म्हणता सारखं. सुलेखा नाव आहे माझं."

"माहितीय. छातीवर लिहिलंय." म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... बिल्ल्यावर."

दोघंही दोन बाजूंना बघू लागले. मग त्यानं बेलची दोरी दाखवली, तिनं ओढली. टण् टण्. तो म्हणाला परत. तिनं परत ओढली. टण् टण्. मोबाईल कानाशी धरून तो तो आवाज असा ऐकत होता, की सुलेखाला दोरीचा हेवा वाटला.

डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत तिनं हे तनुजाला सांगितलं. तनुजा कन्नडच्या गाडीवर कंडक्टर होती, आणि तोंडाची फटकळ.

"त्याला तू पाहिजे का तुझी बेल?"

"तेच कळंना ना, बाई."

"मग विचार."

"काय विचारू? माझ्यात अन् घंटीत कोण आवडतं म्हणून?"

तनुजा हसून हसून चहा सांडून बसली. सुलेखाला मात्र रडावं की हसावं ते सुचेना.

तशात घरी स्थळ आलं. मुलगा जालन्याला शाळेत शिक्षक, माणसं भली. पाहुण्यांनी निरोप धाडला – आमची पसंती आहे, तुमचं काय ते कळवा. लीलाबाई खूश. साहेबराव म्हणाले, "पोरीला विचारल्याशिवाय मी काय बोलणार नाय. सुले, तू सांग."

"सांगते, बाबा. थोडं थांबा."

साहेबराव थांबायला तयार होते, कारण त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. रिटायर झाल्यापासून माणूस खुर्चीत बसून असायचा. उजवा पाय उगाच खाली-वर व्हायचा – ब्रेक, ॲक्सिलेटर, ब्रेक. लीलाबाई म्हणायच्या, "अहो, फरशीला खड्डा पडंल." म्हणून एके दिवशी सुलेखानं ऋतुराजचा गेम आपल्या मोबाईलवर घेतला आणि बापाच्या हातात दिला. "बाबा, गाडी चालवता का?"

साहेबरावांनी चष्मा लावला. मोबाईल दोन्ही हातांत धरला. स्टँड दिसलं, पाऊस दिसला, आतून सुलेखाचा आवाज आला, "चला, पुढं सरका." म्हातारा ताठ झाला. पण गाडी काही हलेना.

"बाबा, निघा की."

"बेल दे."

"तिथं खाली बटण आहे बघा बेलचं. ते दाबा अन् निघा."

साहेबरावांनी मोबाईल मांडीवर ठेवला. "डायवरनंच बेल मारायची अन् डायवरनंच गाडी सोडायची? कुणाची अक्कल ही? पाठीमागं कुणी अर्धवट चढलंय का, म्हातारीचा पाय पायरीवर आहे का, डायवरला कसं दिसंल? बेल कंडक्टरची."

शेवटी सुलेखानं बटण दाबलं. टण् टण्. तेव्हा कुठं गाडी हलली. पडेगाव, माळीवाडा, लासूर... साहेबराव तोंडानं हळूच गिअरचा आवाज काढत होते. वैजापूर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "गाडी बरी आहे. पण पॅसेंजर लई शहाणे. कुणी सुट्ट्यावरून भांडत नाय, कुणाला मळमळत नाय, कुणी म्हणत नाय माझ्या वावरापाशी थांबवा म्हणून. खरं नाय वाटत." आणि जरा थांबून, "ज्यानं बनवला त्या पोराला घेऊन ये एकदा."

ऋतुराज आला. दारातच म्हणाला, "जय भीम, काका," आणि साहेबरावांनी त्याला शेजारची खुर्ची दिली. मग काय, दोघांची अशी गट्टी जमली की बोलू नका. सुलेखा चहा घेऊन आली, तर हे दोघं गेममध्ये घालायचं कन्नडच्या घाटातलं वळण कसं असावं यावर पोळपाट-लाटण्यानं रस्ते मांडून बसलेले. तिच्याकडं बघायलाही फुरसत नाही कुणाला.

पुढच्या खेपेला त्यानं गेममध्ये बदल करून आणला. बेलचं बटण काढून टाकलं. गेम साहेबरावांच्या मोबाईलवर, आणि बेल सुलेखाच्या. तिनं तिच्या मोबाईलवर बेल दिली तरच त्यांची गाडी हलणार. सुलेखा कुठंही असो; गाडी सुटली की तिच्या मोबाईलवर दिसणार.

"अस्सं पाहिजे," साहेबराव म्हणाले.

आता सुलेखा ड्युटीवर असली की साहेबराव मोबाईल घेऊन बसायचे. वैजापूरला पोचून गाडी उभी राहिली, की ती आधी मोबाईल काढायची आणि बेल द्यायची. तिकडं मुकुंदवाडीतल्या घरी म्हाताऱ्याची गाडी सुटायची. लीलाबाई सांगायच्या, "तुझा तो ऋतुराज पण येऊन बसतो गं. दोघं स्टँडवर गाडी उभी करून बसतात, बेल होईपर्यंत. पोहे खातात माझे."

"माझा कुठला, आई. बाबांचा दोस्त तो."

म्हणाली खरी, पण रात्री कुशी बदलत राहिली. आधी वाटलं, आपल्यासाठी येतो. मग वाटलं, आवाजासाठी. मग बेलसाठी. आता तर बाबांसाठी येऊ लागला. ह्या माणसाच्या मनात आपली जागा कोणती – सीट नंबर तरी कळावा!

जालन्याहून पुन्हा निरोप आला. येत्या रविवारी पाहुणे उत्तरासाठी येणार. आणि लीलाबाईंनी सहज, पोह्यांवर खोबरं घालता घालता, ऋतुराजला ते सांगून टाकलं. "आमच्या सुलीचं ठरत आलंय बरं का."

ऋतुराजनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "चांगलं झालं," म्हणाला. साहेबरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. तो जायला उठला तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरा, गेम चांगला केलास तू. पण गाडी स्टँडवरच उभी करून ठेवायला कुणी डायवर होत नाय."

ऋतुराजला ते कळलं की नाही, देव जाणे. लीलाबाईंना तर मुळीच कळलं नाही.

पुढच्या बाजाराला अवकाळी पाऊस आला. पडेगावला गाडी थांबली. सुलेखानं दाराकडं पाहिलं. ऋतुराज थांब्यावर उभा होता. डोक्यावर काही नाही, दप्तर छातीशी धरलेलं. लोकं चढली. दगडाबाई नावाची लासूरची म्हातारी टोपलं घेऊन चढली. सगळे चढले, आणि हा तिथंच.

"येणार का?" सुलेखानं विचारलं.

त्यानं एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा खालीच. "नाय... म्हणजे... तुमचं ठरलं म्हणे."

"कोण म्हणालं?"

"काकू."

"कुठं ठरलंय. रविवारी उत्तर द्यायचंय."

"मग काय देणार?"

"तुम्हाला काय त्याचं? तुम्ही विचारा की नेहमीचं. कोणता गेम, काय वाटलं." तिनं दोरी मुठीत धरली. "इतक्या दिवसांत दुसरं काय विचारलं तुम्ही मला?"

पुढून सखाराममामा ओरडले, "मॅडम, बेल!"

सुलेखाचा हात दोरीवर होता. तो तिथंच राहिला.

"मला दुसरं विचारता येत नव्हतं," ऋतुराज म्हणाला. केसांतून पाणी ओघळून त्याच्या डोळ्यांत जात होतं आणि तो पापण्या मिटमिटत होता. "गेम काय, निमित्त होतं. पहिला दिला तेव्हा खरंच गेमसाठी दिला. दुसऱ्यापासून... नाय. तुम्ही बोलायच्या ना, तेव्हा मला माझाच गेम नवीन वाटायचा. सगळंच नवीन वाटायचं. मला वाटलं, गेम संपले तर तुम्ही बोलणार नाय."

"अन् घरी यायचा ते? बाबांसाठी?"

"काकांसाठी पण. खोटं कशाला बोलू." तो जरा हसला, तो वाकडा दात दिसला. "बेल तुमच्या मोबाईलवर का टाकली, माहितीय? काकांच्या शेजारी दुसरं बटण ठेवलं असतं तरी चाललं असतं. काकूंनी दाबलं असतं. नाय ठेवलं. तुमची बेल येईपर्यंत मला तुमची वाट बघत बसता येतं ना. वाट बघायला काय तरी कारण पाहिजे माणसाला..."

गाडीतल्या सगळ्या माना दाराकडं वळल्या होत्या. मागून एक जण म्हणाला, "ओ मॅडम, सोडा ना गाडी." त्याला शेजारच्यानं गप्प केलं. सखाराममामांनी एकदा आरशात पाहिलं, इंजिन चालू ठेवलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांना साहेबरावांनीच शिकवलं होतं.

"एवढंच का?" सुलेखा म्हणाली.

"नाय." त्यानं दप्तर आणखी घट्ट धरलं. "माझ्याशी लग्न कराल का? दुकान छोटं आहे. गेम अजून विकला गेला नाय. पण..."

"पण काय?"

"पण तुम्ही बेल दिल्याशिवाय मी कुठंच जाणार नाय."

दगडाबाईनं टोपलं खाली आपटलं. "अगं माय, हो म्हण नाय तर नाय म्हण! पोरगं भिजून चाललं, अन् माझी लेक लासूरला वाट बघू राहिली."

सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं की पाऊस आत आला, तिला स्वतःलाच कळलं नाही. मग सवयीचंच तोंडात आलं.

"दारात उभं राहायचं नाय," ती म्हणाली. "आत या. पुढं सरका."

तो आत आला. तिनं दार ओढून घेतलं, खटका लावला, आणि दोरी दोनदा ओढली.

टण् टण्.

गाडीतली माणसं लासूरपर्यंत गालात हसत होती. ऋतुराजनं तिकिटाचे पैसे पुढं केले तेव्हा सुलेखा म्हणाली, "वैजापूर एक ना?" आणि तो म्हणाला, "सध्या एकच."

रविवारी पाहुणे आले, चहा-पोहे झाले, आणि साहेबरावांनी हात जोडून त्यांना नाही सांगितलं. लीलाबाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी ऋतुराज आला, तेव्हा रुसलेल्याच होत्या, पण पोह्यांवर खोबरं घातलं होतं. उन्हाळ्यात मुकुंदवाडीच्या विहारात लग्न लागलं. वरातीच्या जीपमध्ये सखाराममामा स्टिअरिंगवर बसले, आणि नवरीनं मागून पत्र्यावर दोनदा थाप मारल्याशिवाय त्यांनी ती हलवली नाही.

गेम पुढं थोडाफार चालला. गावोगावची पोरं खेळतात. त्यांच्या गेममध्ये बेलचं बटण आहे. साहेबरावांच्या मोबाईलमधल्या गेमला मात्र ते शेवटपर्यंत नव्हतं. रोज सकाळी त्यांची गाडी स्टँडवर लागायची आणि सुलेखा वैजापूरला पोचेपर्यंत उभी राहायची. कन्नडच्या घाटातलं वळण त्यांना कधीच मनासारखं वाटलं नाही. ऋतुराजनं ते कितीदा तरी बदललं. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "बरं आहे. पण खरं नाय वाटत."

एका सकाळी सुलेखानं वैजापूरहून बेल दिली, आणि गाडी सुटली नाही. नेट गेलं असेल असं वाटून तिनं परत दिली. मग परत. बेल जात होती, आवाज होत होता, आणि गाडी का हलत नाही ते तिला कळेना. तेवढ्यात ऋतुराजचा फोन आला.

साहेबराव खुर्चीतच गेले होते. मोबाईल मांडीवर होता. स्टँडवर लाल गाडी उभी होती, वायपर चालू होता. ऋतुराजनं विचारलं, बंद करू का? सुलेखा म्हणाली, राहू दे.

सुलेखाचे वडील साहेबराव, एसटीचे निवृत्त चालक, एकोणीस नोव्हेंबर दोन हजार पंचवीस रोजी सकाळी मुकुंदवाडीच्या घरी वारले.